शालिमारचा जुना वास खरंच गेला का?

"आधीसारखा वास नाही राह्यला आता यात" हे वाक्य परफ्यूमच्या बाबतीत कुठेही ऐकायला मिळतं, इतवारीतल्या अत्तराच्या दुकानात, सदरच्या काउंटरवर, लग्नघरी कपाटं उघडली की तिथेही. आणि त्याच्या मागोमाग ठरलेलं कारण येतं की कंपनीने पैसे वाचवायला माल हलका केला. मला हे कारण फार घाईचं वाटतं. कधीकधी ते खरंही असेल, पण एखाद्या परफ्यूमचा वास शंभर वर्षांत का बदलतो यामागे जी केमिस्ट्री आहे ती इतकी भारी आहे की नुसतं "भेसळ करून राह्यले" म्हणून सोडून देणं बरोबर नाही. व्हॅनिलाच्या परफ्यूममध्ये सगळ्यात मोठं नाव शालिमार, पॅरिसच्या गेर्लां कंपनीचं, म्हणून त्याच्यावरूनच सांगते.

व्हॅनिला म्हणजे मुळात एका ऑर्किडच्या वेलीच्या शेंगा, मूळ मेक्सिकोकडची. वेल दुसरीकडे नेऊन लावली तरी शेंगा धरेनात कारण परागीभवन करणारे कीटक तिथे नव्हते. फूल उमलतं ते पण जेमतेम एक दिवस. १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठ्याने हे काम हाताने कसं करायचं ते दाखवलं, आणि आजही मादागास्करमध्ये एकेक फूल असंच हाताने फळवतात. हिरव्या शेंगेला तो वास नसतोच, व्हॅनिलिन साखरेच्या रेणूला जोडलेलं असतं, शेंगा गरम पाण्यातून काढून महिनोन्‌महिने वाळवल्या, घाम आणला की एन्झाइम तो जोड तोडतात आणि मग वास सुटतो. एवढं करून वाळलेल्या शेंगेत व्हॅनिलिन किती, तर साधारण दोन टक्के. त्यामुळे खरा व्हॅनिला महाग असणारच, २०१७ च्या चक्रीवादळानंतर तर भाव किलोला ६०० डॉलरच्या आसपास गेला होता.

आता खरी गोष्ट इथून सुरू होते. १८५८ मध्ये गोबले नावाच्या फ्रेंच केमिस्टने शेंगेतून शुद्ध व्हॅनिलिन वेगळं काढलं, आणि १८७४ मध्ये टिमान आणि हारमान या दोन जर्मन केमिस्टनी तेच व्हॅनिलिन पाइनच्या झाडातल्या कोनिफेरिनपासून बनवलं. हारमानने होल्त्समिंडेन गावात कारखानाच टाकला. म्हणजे जी चीज एका बेटावर एकेका फुलाला हात लावून मिळत होती ती पाइनच्या रसातून पोत्याने निघायला लागली, आणि परफ्यूमवाल्यांना पहिल्यांदाच व्हॅनिलाचा वास सढळ हाताने वापरता आला. १८८९ मध्ये एमे गेर्लांने जिकी नावाचा परफ्यूम काढला त्यात हे व्हॅनिलिन होतं आणि प्रयोगशाळेतच बनवलेलं, वाळल्या गवतासारख्या गोड वासाचं कुमारिनही होतं. परफ्यूमच्या जगात एक गोष्ट सांगतात की त्या काळच्या व्हॅनिलिनमध्ये ग्वायाकोलसारखी थोडी अशुद्धी राहायची, त्याने धुरकट, चामड्यासारखी छटा यायची, आणि पुढे माल शुद्ध मिळायला लागला तरी गेर्लांवाले तो अशुद्धच मागत राहिले. गोष्ट खरी खोटी जाऊ द्या, त्यातलं विज्ञान बरोबर आहे. रेणू तोच असला तरी तो कशापासून बनवला त्यावर सोबत काय काय बारीकसारीक येतं ते ठरतं, आणि नाकाला ते कळतं. व्हॅनिलिनचा कच्चा माल तर सारखा बदलत आलाय, आधी पाइनचा रस, मग लवंगेच्या तेलातलं युजेनॉल, मग १९३० च्या दशकात कागद कारखान्यांच्या टाकाऊ द्रावातलं लाकडाचं लिग्निन, मग पेट्रोलियमपासूनचं ग्वायाकोल, आणि आता तांदळाच्या कोंड्यातल्या फेरुलिक ॲसिडवर सूक्ष्मजीव सोडून पण व्हॅनिलिन बनवतात. आपल्याकडे भंडारा-गोंदियाला धानाचा कोंडा काय प्रमाणात निघतो ते आठवलं की मला यात फार मोठी शक्यता दिसते.

शालिमार आलं त्याच्या नंतर. जाक गेर्लांचं हे काम १९२१ चं धरतात आणि १९२५ च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात ते गाजलं. यात नवीन होतं ते एथिल व्हॅनिलिन. व्हॅनिलिनच्या रेणूत एक मिथाइल गट असतो, त्याच्या जागी एथिल बसवला, म्हणजे फक्त एक कार्बन आणि दोन हायड्रोजन वाढवले, की वास जवळपास तिप्पट जोरदार होतो. हा रेणू शेंगेत नसतोच. जाकने जिकीच्या बाटलीत एथिल व्हॅनिलिन ओतून पाहिलं आणि शालिमार जन्मलं अशी कहाणी सांगतात. मला इथे एवढंच म्हणायचंय की "जुनं म्हणजे नॅचरल, नवीन म्हणजे केमिकल" ही विभागणी शालिमारला लागूच होत नाही, ते पहिल्या दिवसापासून प्रयोगशाळेचं लेकरू आहे, शेंगेचा अर्क सोबतीला होता एवढंच.

मग बदललं काय? सगळ्यात आधी बर्गमॉट. आपल्या संत्र्याच्याच कुळातलं हे फळ इटलीत कालाब्रियाकडे पिकतं, सालीचं तेल काढतात, आणि शालिमार लावल्या लावल्या जो लिंबूवर्गी झणका येतो तो याचाच, हे तेल त्यात भरपूर असतं. पण या तेलात बर्गाप्टेन नावाचा पदार्थ असतो, तो अंगावर असताना ऊन लागलं की अतिनील किरणांनी तो पेशींच्या डीएनएला चिकटतो, कातडी भाजल्यासारखी लाल होते आणि नंतर मानेवर परफ्यूम जसा ओघळला तसे काळपट पट्टे महिनोन्‌महिने राहतात. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी दोनला वर्धा रोडवर स्कूटीवर जाणाऱ्या पोरीच्या मानेवर असं काही लावलेलं असणं किती धोक्याचं आहे ते सांगायला नको. १९७३ मध्ये परफ्यूम उद्योगाची इफ्रा ही संस्था स्थापन झाली, तिने नंतर साध्या बर्गमॉट तेलावर अंगावर राहणाऱ्या मालासाठी ०.४ टक्क्यांची मर्यादा घातली, आणि कंपन्या बर्गाप्टेन काढून टाकलेलं तेल वापरायला लागल्या. ते काढताना तेलाची थोडी जड, हिरवी बाजूही जाते. वास बदलला हे खरंच आहे. पण मी या बदलाच्या बाजूने आहे, अगदी ठामपणे.

जनावरांचा भाग तर याहून महत्त्वाचा. त्या काळच्या अशा परफ्यूम्सच्या तळाला जवादी मांजराच्या ग्रंथीतला पदार्थ असायचा, मांजर पिंजऱ्यात ठेवून तो खरवडून काढायचे, थोडासा घातला की गोड व्हॅनिलाला अंगाचा ऊबदारपणा यायचा, नाहीतर व्हॅनिला नुसता कस्टर्डसारखा वाटतो. कस्तुरीसाठी हिमालयातला कस्तुरीमृग मारायचे, आज तो आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. कृत्रिम कस्तुरी १८८८ मध्येच सापडली होती, बाउर नावाचा केमिस्ट टीएनटीसारखी स्फोटकं बनवायच्या नादात होता आणि हातात आला तो सुगंध. त्या जातीच्या कृत्रिम कस्तुऱ्यांना नायट्रो मस्क म्हणतात, त्यातले काही पुढे त्वचेला आणि मज्जासंस्थेला घातक निघाले म्हणून तेही गेले. ओकमॉस म्हणजे ओकच्या झाडावरच्या दगडफुलासारख्या वाढीचा अर्क, त्यावर युरोपने ॲलर्जीमुळे नियम आणले, २०२२ पासून तिथे लिलियल हा फुलांच्या वासाचा कृत्रिम पदार्थही बंद झाला. दर वेळी परफ्यूमरला बसून नव्याने जुळवाजुळव करावी लागते, एक पदार्थ काढला की त्याच्या जागी तीन चार घालून तोल परत आणायचा, आणि ज्याने आयुष्यभर तेच लावलंय त्याला कळू द्यायचं नाही. हे काम मला नवीन परफ्यूम बनवण्यापेक्षा अवघड वाटतं. आणि नियम नसते तरी पिकं दरवर्षी सारखी कुठे येतात, आपल्याकडे आंबिया बहाराची आणि मृग बहाराची संत्री चवीला एक नसतात तसंच बर्गमॉटचं, गुलाबाचं, व्हॅनिलाचं आहे, म्हणून तेलाचा प्रत्येक लॉट गॅस क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे तेलातले घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून वेगवेगळे लॉट मिसळून वास जुळवतात.

आता जे सहसा कोणी बोलत नाही ते. जुना वास आपण कशावरून ठरवतो? जुन्या बाटलीवरून किंवा आठवणीवरून. पण ती बाटली आता आधीची राहिलेलीच नाही.

बर्गमॉट तेलात लिमोनिन भरपूर असतं, आपल्या संत्र्याच्या सालीच्या तेलात तर ९० टक्क्यांहून जास्त, साल डोळ्यासमोर दाबली की फवारा उडतो तो हाच. लिमोनिन हवेतला ऑक्सिजन पटकन पकडतं, त्याचे हायड्रोपेरॉक्साइड बनतात आणि ताजा वास जाऊन टर्पेंटाइनसारखा, शिळा वास येतो. व्हॅनिलिनचा रेणू वजनाने लिमोनिनच्या फार पुढे नाही, १५२ आणि १३६, तरी लिमोनिन काही मिनिटांत उडतं आणि व्हॅनिलिन दुसऱ्या दिवशीही ओढणीला येतं, कारण व्हॅनिलिनमध्ये ऑक्सिजनचे गट असल्याने त्याचे रेणू एकमेकांना आणि कापडाला धरून बसतात. बाटलीतही व्हॅनिलिन तुलनेने टिकतं, फक्त हळूहळू रंग गडद तपकिरी करतं आणि अल्कोहोलशी, इतर रेणूंशी जोड करून जास्त गोल, खोल वास देतं. म्हणजे वीस वर्षं ठेवलेल्या शालिमारचं वरचं लिंबू गेलेलं असतं आणि खालचा व्हॅनिला पुढे आलेला असतो. मग आपण म्हणतो बघा जुन्यात व्हॅनिला किती भरभरून होता! तो तेवढाच होता, त्याला झाकणारं वरचं निघून गेलं.

आणि आपल्याकडे हे फार लवकर होतं. फॉरेनहून कोणी आणलेली बाटली लोखंडी कपाटात साड्यांच्या मागे जपून ठेवायची, लग्नकार्यालाच काढायची, ही पद्धत घरोघरी आहे, आणि मे मध्ये बाहेर ४५ च्या वर असताना बंद खोलीतलं ते कपाट सहज ४० पर्यंत जातं. केमिस्ट्रीत ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंश वाढलं की रिॲक्शनचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे पॅरिसच्या २० अंशांच्या मानाने आपल्याकडे चौपट. याउलट व्हर्सायला ऑस्मोथेक नावाचं वासांचं संग्रहालय आहे, १९९० पासूनचं, तिथे जुने परफ्यूम अंधारात १२ अंशांवर ठेवतात आणि बाटलीत हवेऐवजी आर्गॉन वायू भरतात म्हणजे ऑक्सिजनचा प्रश्नच मिटतो. जे परफ्यूम बाजारातून गेलेत ते मूळ फॉर्म्युला मिळाला तर तिथे परत वजन करून बनवतात, कोटी कंपनीचा १९१७ चा शिप्र तिथे हुंगता येतो. "जुना खरा वास कसा होता" याचं भरवशाचं उत्तर अशाच ठिकाणी मिळतं, कपाटात नाही.

तरी घरी जुनी बाटली असेल तर टाकू नका, तुलना करा, फक्त नीट करा. डिसेंबर-जानेवारीत करा, उन्हाळ्यात वरचा थर इतका पटकन उडतो की काही कळत नाही. अंगावर आधी नको, जुन्या तेलातल्या हायड्रोपेरॉक्साइडने ॲलर्जी येऊ शकते, म्हणून जाड पांढऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या घ्या, एकीवर जुना एकीवर नवा, नावं लिहून ठेवा. पहिल्या पंधरा मिनिटांत जो फरक वाटेल त्यात बाटलीच्या वयाचा हात मोठा आहे हे धरून चाला. तीन चार तास जाऊ द्या, मग परत हुंगा, तोवर लिंबू दोन्हीतून गेलेलं असेल आणि उरलेल्या व्हॅनिला, राळ, कस्तुरीच्या तळात जर फरक लागला, तर तो फॉर्म्युलाचा असण्याची शक्यता जास्त.