पोट साफ होत नाही? जुलाबाचं औषध मागण्याआधी हे वाचा

"चार दिवस पोट साफ नाही, काहीतरी स्ट्राँग द्या." औषधाच्या दुकानात हे वाक्य रोज ऐकू येतं आणि बहुतेक वेळा आम्ही औषध देतोही. कधीकधी मात्र आम्हीच उलट विचारतो, "वारा सरतोय का?" समोरच्याला जरा लाजल्यासारखं होतं. पण औषध द्यायचं की रुग्णालयात पाठवायचं, हे बरंचसं या उत्तरावरच ठरतं.

नुसत्या दिवसांच्या हिशोबाने घाबरू नका. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणं म्हणजे बद्धकोष्ठता, असं साधारण मानतात. पण पोट मऊ आहे, वारा सरतोय, अन्न जातंय, तर पाचव्या दिवशीही सहसा धावपळ करावी लागत नाही. उलट कालपर्यंत ठणठणीत असलेल्या माणसाला आज सकाळपासून काही तासांत तातडीची गरज लागू शकते.

ती गरज अशी ओळखा. पोट फुगून ताणलंय, जोराच्या कळा येतायत, शौच आणि वारा दोन्ही बंद आहेत, उलट्या होतायत. उलटी हिरवी असेल किंवा तिला शौचासारखा वास येत असेल, तर आतड्याची वाट अडली असण्याची दाट शक्यता असते. आतड्याला पीळ पडतो, हर्नियात आतडं अडकतं, जुन्या ऑपरेशननंतर आत आतडी चिकटलेली असतात किंवा आत गाठ असते. अडलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तर आतडं सडतं, फुटतं. येत-जात असलेली कळ सलग झाली आणि पोट हाताला लाकडासारखं कडक लागलं, तर एक मिनिटही दवडू नका.

अशा वेळी जुलाबाचं औषध घेणं म्हणजे बंद दारावर आतून आणखी जोर लावणं. गोळी नको, एनिमा (गुदद्वारातून आत सोडायचं औषध) नको, खाणं-पिणंही नको. थेट तातडीच्या विभागात जा. ही लक्षणं सांगून कोणी औषध मागितलं तर आम्ही ते देत नाही. राग आला तरी चालेल.

पोटदुखीसोबत ताप, गरगरणं किंवा असंबद्ध बोलणं असेल, शौचातून बरंच रक्त जात असेल किंवा डांबरासारखं काळं, चिकट शौच होत असेल, तरीही थांबू नका. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, म्हणून त्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.) आणखी एक लक्षण लोकांना पोटाशी जोडता येत नाही: मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा, पायांत अशक्तपणा, लघवी तुंबणं. हे मणक्यातल्या नसा दबल्याचं लक्षण असू शकतं. तिथे उशीर झाला तर कायमचं नुकसान होऊ शकतं.

एकदा एक ताई वडिलांसाठी जुलाब थांबवायची गोळी मागायला आल्या. दिवसभर थोडं थोडं पाण्यासारखं होतंय, कपडे खराब होतायत. त्याआधी नीट शौचास कधी झालं होतं, विचारलं. आठवून म्हणाल्या, "आठ दिवस तरी झाले असतील." तो जुलाब नव्हताच. आत मळाचा घट्ट खडा बसला होता आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत होता. ती गोळी घेतली असती तर खडा आणखी पक्का झाला असता. अंथरुणाला खिळलेल्या आणि वयस्कर माणसांत हे वरचेवर दिसतं. डॉक्टरांना कधी हाताने खडा काढावा लागतो. घरी बोट घालून प्रयत्न करू नका, जखम होते.

ट्रॅमाडॉल, कोडीन, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं, लोह, काही अँटासिड आणि मानसिक आजारांवरची काही औषधं यांनी शौच घट्ट होतं. त्यांतलंच एक, क्लोझापिन, घेणाऱ्याचं पोट तुंबलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. त्यात आतडी पार मंदावतात आणि प्रकरण जिवावर बेतू शकतं. मात्र कुठलंही औषध मनाने बंद करू नका.

फॉस्फेटचा एनिमा 24 तासांत एकापेक्षा जास्त घेऊ नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला तर मुळीच नको. इसबगोल भरपूर पाण्याशिवाय घेतलं तर तेच फुगून अडकतं.

अंगावर पिणाऱ्या बाळाला कधीकधी आठवडाभर शौच होत नाही. बाळ मजेत दूध पीत असेल, पोट मऊ असेल, तर ते चालतं. पण नवजात बाळाने पहिल्या 48 तासांत शौच केलं नाही, किंवा कुठल्याही तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली, तर लगेच रुग्णालय गाठा.

निघताना चालू औषधांची पाकिटं पिशवीत टाका. शेवटचं शौच कधी झालं, वारा शेवटी कधी सरला, उलटी किती वेळा झाली आणि पोटाचं ऑपरेशन पूर्वी झालंय का, हे कागदावर लिहून घ्या. पाकिटं सापडत नसतील तर आम्हाला फोन करा. तुम्ही आमच्याकडून नेलेल्या औषधांची यादी आम्ही लगेच पाठवतो.