पंच नेमणूक (शालेय क्रीडा स्पर्धा)

शालेय सामन्यांसाठी पंच निवडणे, त्यांना सामने वाटून देणे आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणे यांची व्यवस्था. सातारा जिल्ह्यात १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलामुलींच्या स्पर्धा तालुका, जिल्हा, कोल्हापूर विभाग आणि राज्य अशा चढत्या क्रमाने होतात. जिल्ह्याचे आयोजन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे असते. पंच बहुधा खेळाच्या संघटनेतून किंवा शारीरिक शिक्षण शिक्षकांतून येतात.

खरी गोम इथेच आहे. कबड्डीच्या एका सामन्याला सरपंच (म्हणजे मुख्य पंच), दोन पंच, रेषापंच आणि गुणलेखक एवढी माणसे लागतात, आणि तालुक्यातली जाणकार मंडळी बहुतेक कुठल्या ना कुठल्या शाळेचा संघ घेऊनच आलेली असतात. सकाळी आपल्या पोरांना चढाईच्या सूचना देणारे सर दुपारी त्याच गटात शिट्टी घेऊन उभे राहिले, की जादा गुण देणारी बोनस रेषा ओलांडताना मागचा पाय हवेत होता का, यावर वाद ठरलेलाच. त्यातून निकालाचा परिणाम मैदानापुरता राहत नाही. हरलेला संघ विभागाला जात नाही, आणि दहावी-बारावीचे क्रीडा गुण किंवा शासकीय नोकरीतले ५ टक्के खेळाडू आरक्षण मागायला प्रमाणपत्रच लागते.

म्हणून पंचाला स्वतःच्या शाळेचा सामना देऊ नये, निदान उपांत्य आणि अंतिम सामन्याला दुसऱ्या तालुक्यातला पंच असावा, आणि नेमणूक करणाऱ्याने स्वतः संघ आणू नये, एवढी पथ्ये तरी हवीत. पाटणच्या सामन्याला माणचा पंच आणायचा तर प्रवासभत्ता आला, आणि घोडे तिथेच अडते. वाटपातला अन्याय पंचांनाही सोसावा लागतो: पंच परीक्षा नुकतीच उत्तीर्ण झालेल्यांच्या वाट्याला सकाळच्या पहिल्या फेऱ्या, अंतिम सामन्याला मात्र तेच जुने चेहरे.

दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांची १९५२च्या ऑलिंपिक निवडीत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिल्याची तक्रार होती. पतियाळाच्या महाराजांनी ती ऐकल्यावर फेरलढत झाली, ती जिंकून ते हेलसिंकीला गेले आणि कांस्यपदक मिळवले. तक्रार ऐकणारा माणूस पंचांच्या वर्तुळाबाहेरचा होता, ही त्यातली मोलाची बाब. शालेय स्पर्धेत आक्षेप लेखी आणि शुल्क भरून घ्यावा लागतो. तो तपासायला बसणारे मात्र पुष्कळदा नेमणूक करणाऱ्यांचेच सहकारी असतात.