पावडर टाकल्यावर पाचटात काय घडतं?
(पाचट कुजवणारं ट्रायकोडर्मा कल्चर वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार. खोडव्याचा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या पिकाचा, हंगाम आला की सांगलीतल्या वाळवा, पलूस, कडेगावकडून एकच विचारणा येते: "पावडर टाकून महिना झाला, पाचट (उसाची वाळलेली पानं) तसंच दिसतंय." तक्रार रास्त आहे. तिचं उत्तर पावडरीतल्या ट्रायकोडर्मा बुरशीच्या एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, घडणीत आहे.

पाचटात मोठा वाटा सेल्युलोजचा. ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगून बसलेल्या असतात आणि पाण्यात विरघळत नाहीत. बुरशी त्या गिळू शकत नाही. ती विकरं बाहेर सोडते आणि सुटलेली साखर शोषून घेते.

या विकरांचा सगळ्यात खोल अभ्यास झाला तो ट्रायकोडर्मा रीसेई या बुरशीवर. आपल्या पिशवीत आहे ती तिची भावकीतली, ट्रायकोडर्मा व्हिरिडी. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन लष्कराचं सुती तंबूकापड सडायला लागलं, तेव्हा रीसेई हाती लागली. तिच्या मुख्य विकराचे दोन भाग आहेत. लहान भाग फक्त ३६ अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या मण्यांचा. त्याची एक बाजू सपाट असते आणि तिच्यावर टायरोसिन या अमिनो आम्लाची तीन कडी ओळीने असतात. या बाजूने तो सेल्युलोजला चिकटतो. त्याची रचना १९८९ मध्ये समजली.

मोठा भाग तोडणीचा. रचना पाहायला विकराचा स्फटिक लागतो, पण दोन्ही भागांना जोडणारा दुवा लवचिक असल्याने अख्ख्या विकराचा स्फटिक करणं अवघड होतं. म्हणून पपईच्या चिकातल्या पपेनने तो दुवा तोडला, मोठ्या भागाचे स्फटिक वाढवले आणि त्यांवर क्ष-किरण सोडले. १९९४ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथल्या शास्त्रज्ञांनी चित्र प्रसिद्ध केलं: विकराच्या पोटातून सुमारे ५ नॅनोमीटर लांबीचा बोगदा जातो. चरकात ऊस घालावा तशी सेल्युलोजची एकेक साखळी टोकाकडून त्यात ओढली जाते आणि ग्लुकोजच्या जोड्या तुटून बाहेर पडतात.

आता शेतात या. एक जोडी तुटताना पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो, त्यामुळे कोरडं पाचट कुजत नाही, कितीही पावडर टाका. विकर चिकटतं ते फक्त पृष्ठभागाला. म्हणून कुट्टी केलेलं, पायाने दाबून मातीला टेकवलेलं पाचट लवकर कुजतं. सरीत फुगून राहिलेलं तसंच राहतं. बुडखे छाटून झाले की पाचट दाबून घ्या आणि पाणी द्या.

विकर हे प्रथिन आहे, आणि प्रथिनाला नत्र लागतं. पाचटात ते फार थोडं असतं. त्यासाठीच टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कल्चर अशी शिफारस आहे. युरिया वाचवून नुसती पावडर टाकू नका, हे आम्ही विक्रेते असूनही सांगतो. खतं आधी पसरा. कल्चर ओलसर शेणखतात मिसळून नंतर टाका.

एवढं केल्यावरही साडेतीन-चार महिने धरून चाला. पाचट हाताने चुरगाळून बघा: काळपट होऊन सहज तुटत असेल, तर काम चालू आहे. पिशवी सावलीत ठेवा आणि ताम्रयुक्त बुरशीनाशकाच्या पंपातून कल्चर कधीही सोडू नका.