पार्श्वभूमी : अर्ध्या मिलिव्होल्टचा माग

चेतापेशीचा रासायनिक निरोप सुट्या पुड्यांनी, म्हणजे रसायनाच्या ठरावीक मापाच्या गठ्ठ्यांनी, पोचतो, हे आज पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते. ती ओळ बर्नार्ड कात्झ यांची. १९११ साली लाइपझिगला जन्मलेले कात्झ ज्यू होते; १९३५ मध्ये जर्मनी सोडून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांच्याकडे आले. युद्धकाळ ऑस्ट्रेलियन हवाई दलात रडारवर गेला, १९४६ मध्ये ते लंडनला परतले.

पॉल फॅट यांच्यासोबत ते बेडकाच्या स्नायुतंतूत काचेचा सूक्ष्म इलेक्ट्रोड घालत. आत पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण, टोक अर्ध्या मायक्रोमीटरहून बारीक. टोक जाड असले की तंतूच्या पटलाला इजा होते आणि त्याच्या आतबाहेरचा उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपासचा विद्युतदाब, म्हणजे विभव, घसरत जातो. स्नायू आकसला की टोक निसटते किंवा मोडते, म्हणून क्युरारे हे स्नायू लुळे करणारे वनस्पतिविष घालून आकुंचन थांबवायचे.

चेतेला कसलेही उद्दीपन न देता पडद्यावर मधूनच सुमारे अर्ध्या मिलिव्होल्टचे उंचवटे दिसू लागले. उपकरणाची खरखर म्हणून ते सहज सोडून देता आले असते. पण ते फक्त चेता-स्नायू संधीजवळच मिळत, क्युरारेने खुजे होत आणि ॲसिटिलकोलीनचे, म्हणजे चेतेकडून स्नायूकडे निरोप नेणाऱ्या रसायनाचे, विघटन रोखणाऱ्या औषधाने वाढत. हे निरीक्षण १९५० चे. कात्झ यांचे पुढचे बरेचसे काम यावर उभे आहे.

मग होझे देल कास्तियो यांच्यासोबत त्यांनी द्रावणातले कॅल्शियम कमी केले, मॅग्नेशियम वाढवले. चेतेला उद्दीपन दिल्यावर येणारा प्रतिसाद लहान झाला, पण एकेका उंचवट्याएवढ्या पायऱ्यापायऱ्यांनी, आणि अधूनमधून आलाच नाही; म्हणजे एक उंचवटा ही एक पुडी. हे न येणेच मोजायचे होते. बॉइड आणि मार्टिन यांनी १९५६ मध्ये मांजराच्या स्नायूवर १९८ उद्दीपने दिली. सरासरी प्रतिसादाला एका उंचवट्याच्या सरासरी उंचीने, ०.४ मिलिव्होल्टने, भागले की २.३३ पुड्या निघतात. विरळ घटना किती वेळा घडतील हे सांगणाऱ्या पॉयसाँच्या सूत्राने मग १९ वेळा काहीच यायला नको; प्रत्यक्षात १८ वेळा आले नाही. एवढा मेळ जीवशास्त्रात क्वचितच बसतो.

त्याच सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चेताग्रात, म्हणजे चेतेच्या टोकात, सुमारे ५० नॅनोमीटरच्या पिशव्या दिसल्या. पुडीला घर मिळाले.

१९७० चे नोबेल कात्झ यांना उल्फ फॉन ऑयलर व ज्युलियस ॲक्सेलरॉड यांच्यासह मिळाले. तेव्हा ते रिकार्दो मिलेदी यांच्याबरोबर ॲसिटिलकोलीनने उठणारी खरखर तपासत होते. त्यातून एका वाहिनीचा, म्हणजे पटलातल्या आयन जाऊ देणाऱ्या एका छिद्राचा, वाटा मायक्रोव्होल्टच्या अंशाएवढा निघाला, म्हणजे एका पुडीमागे हजाराहून अधिक वाहिन्या. त्यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या बर्ट झाकमान यांनी एर्विन नेहर यांच्यासह १९७६ मध्ये एकट्या वाहिनीचा प्रवाह थेट टिपला, तोही बेडकाच्याच स्नायूवर.