आधी गिरणी, मग वस्ती : निवासी भागातल्या जुन्या धंद्यांची पार्श्वभूमी

इंग्रजी अमलात खानदेशाचे मुख्य ठाणे धुळ्याला आले आणि सरळ रस्त्यांची नवी पेठ वसली. आजही तिथला पत्ता गल्लीच्या नंबरावरून सांगतात. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड, माळ्यावर माल अशी पेठेतली राहणी. घर कुठे संपते नि धंदा कुठे सुरू होतो, हे कुणी विचारत नसे. १९१५ आणि १९५४ चे नगररचना कायदे येऊन गेले. विकास आराखड्याचा पिवळा रंग, म्हणजे निवासी पट्टा, लोकांच्या दारापर्यंत पोहोचला तो १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानंतर.

निवासी पट्ट्यातला धंदा बेकायदा की नाही, हा सगळा घोळ कायद्यातल्या दोन शब्दांत आहे. पहिला ‘विकास’. या कायद्यात विकास म्हणजे नुसते बांधकाम नाही. इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात मोठा बदल केला तर तोही विकासच. त्यामुळे गेल्या वर्षी ओसरीत वेल्डिंगचे दुकान टाकणारा ‘मी एक वीटही हलवली नाही’ म्हणाला, तरी त्याला परवानगी लागतेच. दुसरा शब्द ‘विसंगत वापर’. चहूबाजूंनी कपाशी नि ज्वारी उभी असताना गावाच्या टोकाला सुरू झालेली पीठगिरणी घ्या. प्लॉट पडले, घरे आली, मग आराखडा आला आणि गिरणी पिवळ्यात सापडली. तिने काहीच बदलले नाही, बदलला तो भोवतालचा रंग. आराखड्याआधी रीतसर चालू असलेला असा वापर पट्ट्याशी विसंगत असतो, अनधिकृत नसतो. पण तक्रार अर्जात वेल्डिंगवाला नि गिरणीवाला दोघांनाही ‘बेकायदा धंदा’ म्हणतात, आणि माझ्या मते इथेच जुन्या गिरणीवाल्यावर अन्याय होतो.

संरक्षण मिळते ते आहे त्या वापराला, वाढीला नाही. मोटरचा पट्टा बदलला, दळणाचा दगड टाकीने टोचून घेतला, तर ती दुरुस्ती. दुप्पट ताकदीची मोटर बसवली तर ती वाढ. मधली प्रकरणे अवघड. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी उडदाच्या डब्यांशेजारी मिरचीच्या पिशव्या येऊ लागतात म्हणून गिरणीवाला कांडप यंत्र बसवतो. त्याच्या लेखी धंदा तोच. शेजारच्या खिडकीतल्या बाईचे मूल मात्र दुपारभर खोकत असते आणि तिची तक्रार खोटी नाही. कांडप हा नवा वापर मानून त्यालाच परवानगीची अट घालावी, गिरणीला हात लावू नये, असे मला वाटते. प्रत्यक्षात नोटीस दोन्हींना मिळून निघते.

गुमास्ता परवान्याने, म्हणजे दुकानाच्या नोंदणीने, हा प्रश्न सुटत नाही. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मोजके कामगार असलेल्याने नुसती सूचना द्यायची असते. जागेचा वापर योग्य की नाही, हे त्यातून ठरत नाही. बिनशेती आदेशाचेही तसेच : तो शेतीबाहेरच्या वापराचा असतो, आणि निवासी बिनशेतीवर कारखाना बसत नाही. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच चौकट दिली. निवासी पट्ट्यात रस्त्याची रुंदी, विजेचा भार असे निकष पाळून काही छोटे व्यवसाय चालतात, त्यामुळे बऱ्याच गिरण्या आता विसंगत उरतही नाहीत.

उरतात त्यांच्यासाठी मुद्दा तारखेचा. २०१८ मध्ये धुळ्याच्या हद्दीत वलवाडीसारखी गावे आली, तेव्हा तिथले धंदे एका रात्रीत शहराच्या नियमांखाली आले. गिरणी आधीची आहे हे दाखवायला जुने वीजबिल आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीचा उतारा, लागतो. गावे हद्दीत आल्यावर तिथली दप्तरे पालिकेकडे गेली; उतारा तिथूनच मागावा लागतो, आणि तोही नोटीस यायच्या आधी काढून ठेवलेला बरा.