क्लोव्हिस की फॉल्सम? आधी पन्हळ बघा

अमेरिकेतल्या आद्य शिकाऱ्यांची दगडी टोकं पाहताना क्लोव्हिस आणि फॉल्सम यांची हमखास गल्लत होते. दोन्ही नावं न्यू मेक्सिकोतल्या गावांची, दोन्ही टोकं भाल्याची आणि दोन्हींच्या बुडातून वर गेलेली उथळ पन्हळ. त्यात धाकटं फॉल्समच आधी उजेडात आलं! १९०८च्या पुरानंतर जॉर्ज मॅकजंकिन या गुलामगिरीत जन्मलेल्या कृष्णवर्णीय गुराख्याला फॉल्सम गावाजवळच्या ओढ्याच्या दरडीत मोठाली हाडं दिसली. १९२२मध्ये तो वारला. १९२७मध्ये तिथेच नामशेष बायसनच्या बरगड्यांत रुतलेलं टोक मिळालं, तेव्हा कुठे हिमयुगाच्या अखेरीस अमेरिकेत माणूस होता हे तज्ज्ञांनी मानलं. क्लोव्हिस पुढे आलं १९३०च्या दशकात, पण ते सुमारे १३,००० वर्षांपूर्वीचं. क्लोव्हिस गावाजवळच्या ब्लॅकवॉटर ड्रॉ या उत्खननस्थळी फॉल्समचा थर क्लोव्हिसच्या वर आहे, म्हणजे कोण जुनं हा वादच मिटला.

आकारावर मात्र विसंबू नका. क्लोव्हिस सहसा मोठं नि जाड, फॉल्सम छोटं नि पातळ. पण पुन्हापुन्हा धार काढून क्लोव्हिसही बुटकं होतं. बुडाकडच्या कडा तर दोघांच्याही घासून बोथट केलेल्या असतात, बांधलेली दोरी कापली जाऊ नये म्हणून.

खरा फरक पन्हळीत. क्लोव्हिसची पन्हळ टोकाच्या लांबीच्या एक तृतीयांशापर्यंत, फार तर अर्ध्यापर्यंत जाते, आणि ती काढल्यावरही घडण चालूच राहते. फॉल्समची पन्हळ दोन्ही अंगांनी जवळजवळ शेंड्याला भिडते, तीही काम संपत आल्यावर काढलेली. त्यासाठी बुडाच्या मधोमध छोटा उंचवटा राखायचा, तो घासून पक्का करायचा आणि नेमका तिथून एकच लांब कपचा उडवायचा. जरा चुकलं की सगळी मेहनत दोन तुकड्यांत. कोलोरॅडोतल्या लिंडेनमायरच्या मुक्कामावर असे पन्हळीचे कपचे आणि घडवताना मोडलेली टोकं मिळाली आहेत. मला हा कचराच जास्त बोलका वाटतो: अखंड टोक नसलं तरी तो कपचा फॉल्सम कारागिराचा माग देतो.

शिकारीवरूनही ओळख पटते, पण बेतानेच. ॲरिझोनात नाको इथे एका मॅमथपाशी आठ क्लोव्हिस टोकं होती. फॉल्समच्या काळी मॅमथ उरले नव्हते, शिकार मुख्यतः बायसनची. मात्र क्लोव्हिसवाले बायसनही मारत.

एवढं करूनही टेक्सासकडची मिडलँड टोकं पंचाईत करतात. घडण थेट फॉल्समची, आणि पन्हळच नाही.