कौतुक आणि अभिप्राय: पालकांनी थांबवावी अशी एक गल्लत

कौतुक कसे करावे हे कोणालाही शिकवावे लागत नाही, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. ‘शाब्बास’, वहीवर चिकटवलेली चांदणी, आजीने काढलेली दृष्ट, हे सारे मनापासून असेल तर जरूर करावे. मात्र मुंबईतल्या पालकसभांत ‘आम्ही मुलांना सतत प्रोत्साहन देतो’ असे सांगणारे पालक बहुधा एवढ्याचाच हिशेब देतात, आणि मुलाच्या कामाविषयी घरात कोणी काहीच बोललेले नसते, याचे मला फार वाईट वाटते.

अभिप्राय म्हणजे कामात काय जमले आणि पुढच्या वेळी काय बदलायचे हे सांगणे. तो गोड शब्दांत द्यावा की स्पष्ट, आधी गुण सांगावा की चूक, हे प्रश्न किरकोळ आहेत. खरी फसगत होते ती सुजाण पालकांची. ‘हुशार’ हा शब्द टाळून ‘किती मेहनत घेतलीस’ म्हटले की अभिप्राय दिला, असे त्यांना वाटते. या समजुतीमागे संशोधन आहे: १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, हुशारीची स्तुती ऐकलेली पाचवीतली मुले अवघड प्रश्नांत अडल्यावर लवकर नाउमेद झाली, तर मेहनतीची स्तुती ऐकलेली मुले अधिक चिकाटीने प्रयत्न करत राहिली. पण तेथे तुलना झाली ती स्तुतीच्या प्रकारांची. मेहनतीची स्तुती निश्चितच बरी, तरीही पुढच्या वेळी नेमके काय बदलायचे हे ती मुलाला सांगत नाही.

पहिलीतल्या मुलीने दुरेघी वहीत ‘भाजी’ऐवजी ‘माजी’ लिहिले आहे, असे समजा. ‘छान प्रयत्न’ म्हटल्याने तिला काहीच कळणार नाही आणि ‘चुकलं, परत लिही’ म्हटल्याने ती पुन्हा ‘माजी’च लिहील. त्याऐवजी वरच्याच ओळीत तिने बरोबर लिहिलेल्या ‘भात’वर बोट ठेवून ‘या भ वरची रेघ तू कुठे तोडली आहेस, बघ, आता भाजीतल्या अक्षराकडे बघ’ असे म्हणावे आणि गप्प राहावे. चूक तिची तिलाच सापडते, आणि दुरुस्तीचा नमुनाही तिच्याच अक्षरात समोर असतो. लोकलने थकून आलेल्या आईबाबांनाही एवढे दोन मिनिटांत जमते.

शाळांनाही हे लागू आहे. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे मुलाची सर्व अंगांनी वर्षभर पारख करण्याची पद्धत, आले आणि त्याबरोबर वर्णनात्मक नोंदीही, म्हणजे मुलाच्या प्रगतीविषयी शिक्षकांनी शब्दांत लिहायचे शेरे, आल्या. त्यांत ‘अक्षर सुंदर काढते’ हेच वाक्य वर्गभर उतरवलेले दिसले की मला संताप येतो, कारण ती जागा ‘भ आणि म यांत गोंधळ होतो, शिरोरेषेकडे लक्ष हवे’ असे लिहिण्यासाठीच आहे.

एका बैठकीत एकच गोष्ट दाखवावी. पाच दाखवल्या तर मूल वही लपवू लागते. बालवाडीतल्या चित्रांना मात्र हा नियम लावू नये. तेथे हत्तीला सहा पाय असले तरी ते मोजून दाखवू नयेत, हत्ती कुठे निघाला आहे एवढे विचारावे.